समुद्र दिसतो, घर कुणाचं?

माझी मुलगी चार वर्षांपासून आखातातल्या एका समुद्रकाठच्या शहरात राहते. शहराचं नाव लिहीत नाही, कारण लिहू नकोस असं तिनेच सांगितलंय. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ती किनाऱ्याचे, मावळतीचे, स्वच्छ रस्त्यांचे फोटो टाकते. खाली विश्रामबागेतले सगळे नातेवाईक अंगठे उमटवतात. फोनवर मात्र ती वेगळंच बोलते, आणि तेही दार लावून. मग मी कुणाला काय सांगायचं? शेजारच्या काकू विचारतात, ‘कसं काय आहे हो तिकडं?’ मी म्हणते, ‘बरंय की.’ हे ‘बरंय की’ खोटं नाही, पण ते खरंही नाही.

यावर्षी उन्हाळ्यात मी परक्या लोकांनी मुंबईबद्दल लिहिलेली जुनी पुस्तकं वाचायला घेतली, ती या ‘बरंय की’चा छडा लावायला. परक्या गावात राहणारा माणूस त्या गावाबद्दल संमिश्र लिहितो तेव्हा तो नेमकं काय लिहितो, आणि काय लिहायचं टाळतो?

टोकाच्या पुस्तकांचा त्रास नसतो. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६९०च्या सुमारास मुंबईत होता. १६९६ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात मुंबई म्हणजे मरणाचं बेट आहे. दोन पावसाळे काढले की माणसाचं आयुष्य संपलं, अशी म्हण तिथल्या इंग्रजांत होती, असं तो सांगतो. अंगठ्याएवढे कोळी, बदकाएवढे बेडूक! आपल्याला हसू येतं. पण त्याच्याबरोबर जहाजातून उतरलेल्यांपैकी बहुतेक जण पावसाळा सरेपर्यंत गाडले गेले होते, हेही तोच सांगतो. दुसऱ्या टोकाला ‘शांताराम’. तो ऑस्ट्रेलियन नायक मुंबईच्या इतका प्रेमात आहे की झोपडपट्टीतली घाणसुद्धा त्याच्या मोठेपणाची साक्ष द्यायला उभी राहते. दोन्ही पुस्तकं एका सुरातली आहेत. माझा प्रश्न मधल्या पुस्तकांचा होता.

मारिया ग्रॅहॅम मे १८०९मध्ये मुंबईत उतरली. तेव्हा ती मारिया डंडास होती, वय तेवीस. वडील आरमाराचे अधिकारी, मुंबईच्या गोदीवर नेमणूक झालेले. प्रवासात भेटलेल्या थॉमस ग्रॅहॅमशी तिने त्याच वर्षाच्या शेवटी लग्न केलं. हिंदुस्थानातल्या वास्तव्याची तिची रोजनिशी १८१२ साली एडिंबरात छापली गेली, आतली चित्रंही तिनेच काढलेली.

पुस्तक अजून ताजं आहे, आणि त्याचं पहिलं कारण म्हणजे तिने स्वतःच्या लोकांना झोडपलंय. मुंबईतल्या इंग्रज बायकांना शिक्षण कमी आणि दागिने जास्त, पुरुषांना धंद्यापलीकडे बोलता येत नाही, आणि मेजवान्या म्हणजे विलायतेतल्या एखाद्या लहान गावच्या कंटाळ्याची नक्कल, असा तिचा एकूण सूर. सर जेम्स मॅकिंटॉश मुंबईचे न्यायाधीश होते, १८०४ साली त्यांनी मुंबईत साहित्यसभा काढली होती. त्यांच्या ग्रंथसंग्रहात तिला बरं वाटे. हौसेने ती घारापुरी बघते, कार्ल्याची लेणी बघते. माझगावच्या आंब्याबद्दल लिहिताना तर ती मराठीच वाटायला लागते: मूळ झाडावर हंगामात शिपायांचा पहारा असतो, आणि शहाजहानसाठी या किनाऱ्यापासून दिल्लीपर्यंत आंब्याच्या डाका बसवल्या होत्या, ही हकिकत तिनेच टिपून ठेवलीय. (रत्नागिरीच्या माझ्या वहिनीला माझगावचा हा मान मान्य नाही.)

पण हीच बाई मुंबईच्या काझींच्या जनानखान्यात जाते, थोडा वेळ बसते आणि तिथल्या बायकांबद्दल निकाल देऊन मोकळी होते. इंग्रज बायकांबद्दल लिहिताना तिच्याजवळ कितीतरी संध्याकाळींचा अनुभव होता, इथे एक भेट. दोन्हीकडे वाक्यं मात्र सारख्याच ठामपणाची. संमिश्र लेखनाची खोट मला इथे सापडली. थोडं गोड, थोडं कडू असं ताटात वाढलं की वाचणाऱ्याला ते न्याय्य वाटतं. पण कडू कुठून आलं, किती दिवसांचं आहे, हे कुणी विचारत नाही.

तेरा वर्षांनी तीच बाई दुसऱ्या एका बंदरात उतरली. १८२२ साली चिलीच्या वाटेवर, केप हॉर्नजवळ, तिचा नवरा जहाजावरच वारला. वाल्पाराइसोला पोचली तेव्हा ती विधवा होती. लोकांची अपेक्षा होती की ती परत जाईल, निदान इंग्रज वस्तीत राहील. तिने आल्मेंद्राल भागात एक लहान घर भाड्याने घेतलं आणि चिलियन शेजारात राहिली. चिलीची तिची रोजनिशी (१८२४) मी मुंबईच्या रोजनिशीनंतर लगेच वाचली, आणि आवाजातला फरक कानाला कळतो. इथे ती एकाच नळीने सगळ्यांनी प्यायच्या माते चहाबद्दल लिहिते. मडकी घडवणाऱ्या बायकांच्या वस्तीत जाते, त्यांच्यासोबत मातीत हात घालून बसते, आणि ते आपल्याला किती कमी जमतं हेही सांगते. मुंबईत तिने अशी कबुली कितीदा दिली असती? तिथे घर वडिलांच्या हुद्द्याचं होतं, नोकर त्या हुद्द्याचे होते. वाल्पाराइसोत भाडं तिचं होतं.

१९ नोव्हेंबर १८२२च्या रात्री तिथे मोठा भूकंप झाला. नंतर किनारा वर उचलला गेलाय, पूर्वी पाण्याखाली असलेले खडक आणि शिंपले उघडे पडलेत, असं तिने पाहिलं आणि कळवलं. लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाने ते छापलं. पुढे १८३४ साली मंडळाच्याच अध्यक्षाने, ग्रीनोने, तिच्या निरीक्षणाची जाहीर टर उडवली. तिने उत्तर छापून दिलं. १८३५ साली चिलीतच दुसरा भूकंप झाला तेव्हा डार्विन तिथे होता, आणि जमीन वर आल्याचं त्याने स्वतः पाहिलं. ती बरोबर निघाली हे महत्त्वाचं आहेच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की तिचं वाक्य तपासता येण्यासारखं होतं. काझींच्या घरातलं तिचं वाक्य कुणी, कसं तपासणार?

आता आपल्याकडचा माणूस. ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) लिहिणारे गोविंद नारायण माडगांवकर यांना आपण मुंबईच्या घरचे समजतो. पण ते जन्मले १८१५ साली गोव्यात, म्हणजे पोर्तुगालच्या मुलखात. लहानपणी मुंबईत आलेला हा मुलगा कायद्याने परदेशीच. (तसं बघितलं तर आमचं सांगलीही तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, इथून मुंबईला जाणारा माणूससुद्धा एका राज्यातून दुसऱ्यात जात होता.) मराठीतलं मुंबईबद्दलचं हे पहिलं मोठं पुस्तक एका परक्याचं आहे, हे आपण विसरलोय, आणि विसरल्यामुळे ते आपण चुकीचं वाचतो.

माडगांवकर बाजारात उभे राहून लिहितात. धंदे, देवळं, गोदी, जातीजमाती, आगगाडी. ग्रॅहॅमबाईंना पालखीतून जे दिसत नाही ते त्यांना चालताना दिसतं. पुस्तकाची ही बाजू अजोड आहे, आणि मराठी गद्यात तिची बरोबरी करणारं फार थोडं सापडेल. मात्र राग आला की तो नेहमी खालच्या दिशेला जातो. दारू, चैन, लोकांचं अज्ञान यांवर उपदेश. इंग्रज सरकारबद्दल जवळजवळ सगळीकडे कृतज्ञता. आपले समीक्षक याला ‘तत्कालीन राजनिष्ठा’ म्हणून सोडून देतात. मला ते तोकडं वाटतं. माडगांवकर स्कॉटिश मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांचं मुंबईतलं छप्पर त्या पगारावर उभं होतं. ते घाबरले असं मला म्हणायचं नाही, तसा पुरावाही नाही. कृतज्ञता खरीच असेल. पण इंग्रजांची थट्टा करणं मारियाला परवडत होतं, कारण ती त्यांच्यातलीच होती. माडगांवकरांना ते परवडण्यासारखं नव्हतं. ती इंग्रजांवर निर्भीड आहे आणि जनानखान्यात आंधळी. ते बाजारात डोळस आहेत आणि सरकारदरबारी गप्प. मी आता अशी पुस्तकं वाचताना पहिल्यांदा एवढंच शोधते, की लिहिणाऱ्याचं भाडं कोण भरतं.

हे सगळं मी मुलीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, ‘आई, माझा राहण्याचा परवाना कंपनीच्या नावावर आहे. नोकरी गेली की घर गेलं. आता तू माझे फोटो परत बघ.’

मी बघितले. चार वर्षांच्या फोटोंत समुद्र आहे, मॉल आहे, दिवाळीचे दिवे आहेत. एकाही फोटोत काम करणारा माणूस नाही. ती सांगत असते त्या बांधकामावरच्या पोरांपैकी कुणी नाही, शेजारच्या घरी मुलं सांभाळणारी, सहा वर्षं स्वतःच्या मुलाला न भेटलेली बाई नाही. समुद्र तिला खरोखर आवडतो, हेही ती दर वेळी सांगते; रात्री अकराला एकटी चालत घरी येते आणि भीती वाटत नाही, हे तर तिने सांगलीत कधी अनुभवलं नव्हतं. यातलं काहीही दुसऱ्याला खोडून काढत नाही.

‘मग लिहून ठेव,’ मी म्हटलं.

‘ठेवलंय,’ ती म्हणाली. ‘वहीत. मोबाइलमध्ये नाही. मराठीत, आणि नावांच्या जागी विश्रामबागेतल्या लोकांची नावं घातलीत. जुलैत येते तेव्हा आणते. मॅनेजरच्या जागी कोण आहे ते वाचलंस तर हसू नकोस.’