‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ : हेरपटातील वास्तववादाचे स्वरूप

प्रस्तावना

१९६५ साली प्रदर्शित झालेले दोन हेरपट परस्परविरोधी परंपरांचे प्रतिनिधी ठरतात. ‘थंडरबॉल’ या जेम्स बाँडपटाला विशेष दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर पारितोषिक मिळाले. मार्टिन रिट दिग्दर्शित ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ या कृष्णधवल चित्रपटात मात्र एकही अद्भुत उपकरण नाही. तो जॉन ल कारे यांच्या १९६३ च्या कादंबरीवर आधारलेला असून ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर सेवेत होते. या चित्रपटातील वास्तववाद नेमका कशात आहे, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वास्तव आणि वास्तवाभास

चमत्कृतीचा अभाव म्हणजे वास्तववाद, असे समीकरण सर्रास मांडले जाते. ते अपुरे आहे. चित्रपटातील बर्लिनचे ‘चेकपॉइंट चार्ली’ प्रत्यक्षात डब्लिन शहरात उभारलेला देखावा होता. पटकथाकारांपैकी पॉल डेन हे ‘गोल्डफिंगर’ (१९६४) या बाँडपटाचेही सहलेखक होते. बाँडपटांत गुप्तचर प्रमुख ‘एम’ साकारणारे बर्नार्ड ली येथे किराणा दुकानदाराच्या भूमिकेत दिसतात आणि नायकाचा मार खातात. म्हणजे स्थळ बनावट आणि काही कलावंत त्याच परंपरेतले. तरीही कलाकृती सर्वस्वी भिन्न. तेव्हा हा भेद साधनांपेक्षा दृष्टीचा आहे, असे म्हणावे लागते.

कथनतंत्र आणि फसवणूक

बर्लिनमधील आपला हस्तक डोळ्यांदेखत मारला गेल्यावर अ‍ॅलेक लिमस (रिचर्ड बर्टन) लंडनला परततो. पुढे तो ग्रंथालयात किरकोळ नोकरी करतो, दारू पितो, तुरुंगात जातो. ही घसरण खरी की सोंग, हे प्रेक्षकाला काही काळ उमगत नाही. पूर्व जर्मन गुप्तचर अधिकारी मुंट याला देशद्रोही ठरवून संपविण्याची ही योजना आहे, असे कळल्यावर आपण गुपितात सामील झालो, असे त्याला वाटते. परंतु न्यायाधिकरणासमोरील प्रसंगात उलगडते ते वेगळेच : मुंट हा ब्रिटिशांचाच माणूस असून, त्याच्यावर रास्त संशय घेणाऱ्या फीडलरचा काटा काढण्यासाठी लिमसला वापरण्यात आले. बाँडपटाचा प्रेक्षक नायकासोबत शत्रूवर मात करतो. येथे तो नायकासोबत स्वतःच फसतो. वास्तववादाचे मर्म या अनुभवात आहे.

या आशयाला ऑस्वल्ड मॉरिस यांचे करड्या छटांचे छायाचित्रण पोषक ठरते. कचेऱ्या, चौकशीच्या खोल्या आणि भिंतीलगतचा अंधार यांत पूर्व-पश्चिम हा भेद दृश्यपातळीवरच पुसट होतो. फीडलर ज्यू आहे आणि मुंट ज्यूद्वेष्टा. लोकशाही राष्ट्र आपल्या सोयीसाठी दुसऱ्याला वाचविते, ही विसंगती म्हणूनच अधिक बोचते.

मर्यादा

चित्रपट निर्दोष नाही. अखेरच्या मोटारप्रवासात लिमस हेरांच्या क्षुद्रतेविषयी संतापाने बोलतो. बर्टन यांनी ते प्रभावीपणे उच्चारले असले, तरी दृश्यांनी आधीच सिद्ध केलेला आशय येथे शब्दांत पुन्हा सांगितला जातो. नॅन ही ब्रिटिश साम्यवादी पक्षाची सदस्य आहे. पण तिची राजकीय निष्ठा भाबडेपणाच्या पलीकडे विकसित होत नाही. कटात सर्वाधिक निरपराध असलेली ही व्यक्ती पटकथेतही काहीशी साधनरूपच राहते.

निष्कर्ष

ब्रिटिशांची मोहीम पूर्णतः यशस्वी होते आणि तरीही चित्रपट शोकात्म ठरतो. राज्यसंस्थेचे यश व माणसाचा विनाश एकाच घटनेत दाखविणे, हे या कलाकृतीचे सामर्थ्य होय. भिंतीवर नॅनला गोळी लागते. पलीकडे उडी मारण्यासाठी लिमसला हाका येत असतात. तो मात्र पूर्वेच्या बाजूला, तिच्या देहाजवळ उतरतो आणि मारला जातो. संपूर्ण कथेत कोणत्याही योजनेत न बसणारी ही त्याची एकमेव कृती आहे. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये कोसळली. परंतु राष्ट्रहिताच्या नावाखाली माणसाचे किती मोल द्यावे, हा चित्रपटाने उभा केलेला प्रश्न तिच्याबरोबर निकाली निघालेला नाही.