भुकेली अळी आणि आमचा हरभरा

आमच्या धाराशिव जिल्ह्यात अळीविषयी चांगलं बोलणारा माणूस मला अजून भेटायचाय. सोयाबीन वाढीला लागलं की पानं खाणारी अळी आणि हरभरा घाट्यात आला की घाटेअळी. खरीप-रब्बीसारखे तिचेही दोन हंगाम. त्या दिवसांत पारावर तिच्याविषयी जी भाषा चालते, ती इथं छापली तर हे पुस्तक तुम्हाला घरात ठेवता येणार नाही. अशा मुलखात अळीच जिची नायिका आहे असं पुस्तक लहान मुलांच्या हाती देणं, म्हणजे धान्याच्या कोठीत बसून उंदराचं चरित्र वाचण्यासारखंच!

पुस्तक आहे एरिक कार्ल यांचं ‘द व्हेरी हंग्री कॅटरपिलर’. आपण त्याला ‘लई भुकेली अळी’ म्हणू. ‘अतिशय क्षुधित सुरवंट’ असंही म्हणता येईल, पण मग तो सुरवंट उपाशीच मरेल. १९६९ साली अमेरिकेत निघालेलं हे पुस्तक पुढं ६०हून अधिक भाषांत गेलं आणि त्याच्या ५ कोटींवर प्रती खपल्या. आपल्याकडे हजाराची आवृत्ती संपली की लेखकाला शाल-श्रीफळ देतात. त्या हिशेबानं कार्ल यांना नारळाची बागच द्यावी लागली असती.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. चांदण्यात पानावर एक अंडं असतं. रविवारी सकाळी त्यातून अळी निघते. सोमवारी ती एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन नाशपाती, बुधवारी तीन प्लम, गुरुवारी चार स्ट्रॉबेऱ्या, शुक्रवारी पाच संत्री. तरी भूक भागत नाही. शनिवारी केक, आइसक्रीम, चीज, कलिंगड असे दहा पदार्थ हाणते आणि रात्री पोट धरून बसते. रविवारी एक हिरवं पान खाऊन बरी होते, कोशात जाते आणि दोन आठवड्यांहून जास्त तिथं राहून फुलपाखरू होऊन बाहेर पडते. संपलं.

खरी करामत आहे ती भोकांची. अळीनं जे जे खाल्लं, त्यात खरोखरचं गोल भोक आहे. सोमवारचं पान अरुंद, मंगळवारचं त्याहून रुंद, अशी पानं फळांबरोबर वाढत जातात. कागदाच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीननं भोकं पाडताना कार्ल यांना ही कल्पना सुचली. आधी त्यांच्या डोक्यात पुस्तकातला किडा होता, अळी सुचवली ती त्यांच्या संपादिका अ‍ॅन बेनेड्यूस यांनी. अशी भोकं पाडून परवडेल अशा दरात छापणारा अमेरिकेत मिळेना, म्हणून पहिली छपाई जपानात झाली. तेच मशीन आपल्याही कचेऱ्यांत रोज खटाखटा चालतं. पण आपल्याकडे त्या भोकातून फाइलीच्या नाड्याशिवाय काही गेल्याचं ऐकिवात नाही.

कळंब तालुक्यातल्या एका नातलगांच्या घरी मी हे पुस्तक नेलं. घरात पहिलीतली पोर, तिचे आबा आणि आबांची आई. आबांनी पहिलं चित्र पाहून विचारलं, “फवारलं का न्हाई काही?” पोरीनं मात्र सफरचंदाच्या भोकात बोट घातलं आणि ओरडली, “आबा, घाट्याला पडतंय तसंच भोक पडलंय की!” आबा गप्प झाले. घाटेअळी तोंडाकडचं अर्धं अंग घाट्यात खुपसून, उरलेलं बाहेर ठेवून दाणा खाते. एकटी अळी ३० ते ४० घाट्यांची वाट लावते. हे त्या पोरीनं पाहिलेलं होतं. अक्षरं अजून धड जुळत नव्हती, पण बोटानं ती पुस्तक वाचत होती. माझ्या मते पुस्तकाची परीक्षा इथंच झाली.

शनिवारच्या यादीवर थोडी वादावादी झाली. चेरी पायवर बोट ठेवून आबा म्हणाले, “हा कुंथलगिरीचा पेढा.” पोर म्हणाली, “पेढा असा नसतो.” शब्दाचं भाषांतर होतं, चित्राचं होत नाही. आबांची आई यादी ऐकून म्हणाली, “एका दिवसात एवढं?” १९७२च्या दुष्काळात त्यांनी लाल मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेले. भुकेची गंमत सगळ्यांनाच सारखी वाटत नाही. गंमत अशी, की ती लिहिणाऱ्यालाही थोडीफार ठाऊक असावी. १९२९ साली अमेरिकेत जन्मलेले कार्ल सहाव्या वर्षी आईबापांबरोबर जर्मनीत गेले आणि त्यांचं बालपण दुसऱ्या महायुद्धात सापडलं. २०२१ साली ते वारले. हे पुस्तक आशेचं आहे, असं ते सांगत. त्यातलं ते एक हिरवं पान मला म्हणूनच दहा पदार्थांपेक्षा मोठं वाटतं.

दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर टीकाकार कसला? फुलपाखराची अळी असा कोश विणत नाही, तो उद्योग पतंगांचा. दुसरं, अळीनं एवढं खाल्लं ते कुणाच्या झाडाचं, याचा पुस्तकात पत्ता नाही. गुण मात्र असा, की शेवटी तात्पर्य नाही. आपल्याकडे हत्तीला मुंगी भेटली तरी निरोप घेण्यापूर्वी दोघं स्वच्छतेचं महत्त्व सांगून जातात!

मराठीत असं काही नाहीच, असं मात्र नाही. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मुलांसमोर ठेवून पाहा. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तो उगाच नव्हे. पण हरभऱ्याचं शिवार, निंबोळी अर्काचा वास आणि घाट्यातलं भोक असलेलं चित्रपुस्तक मला अजून कुणी दाखवलेलं नाही. कळंबच्या पोरीला सफरचंदातून आपल्या घाट्यापर्यंत स्वतःच चालत यावं लागलं. ती आली, पण दर वेळी पोरांनीच का चालावं?

तोवर हे पुस्तक अवश्य घ्या. आबांची शंका तेवढी मी इथं नोंदवून ठेवतो. शेवटच्या पानावरचं रंगीत फुलपाखरू त्यांनी बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, “छान हाय. पण आता हे अंडी कुणाच्या रानात घालणार, ते लिवलंच न्हाई.”