बाणाचे राज्य

मराठी गद्यात विरामचिन्हांची व्यवस्था रुजविण्याचे श्रेय मेजर कँडी यांजकडे जाते. ती चिन्हे शब्दांची सेवा करितात, त्यांची जागा बळकावीत नाहीत. अलीकडे संगणकावरील व भ्रमणध्वनीवरील लेखनात बाणाचे जे चिन्ह सर्रास संचार करू लागले आहे, त्याविषयी मात्र तसे म्हणवत नाही.

बाणास हक्काचे स्थानच नाही, असे आमचे म्हणणे नव्हे. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ निश्चित आहे. उलटसुलट चालणारी क्रिया दाखविण्यासाठी व्हान्ट हॉफ या डच पंडिताने १८८४ मध्ये दुहेरी बाण योजिला, तो याच शिस्तीने. शास्त्रात संकेत आधी ठरतो, चिन्ह मागून येते. नित्याच्या लेखनात हा क्रम पाळला जात नाही, आणि घोटाळा होतो तो येथेच.

नामपूरसारख्या कांद्याच्या बाजारपेठेत ‘अवकाळी पाऊस → कांदा → भाव’ एवढाच मजकूर कोणी धाडला, तर वाचणाराने काय समजावे? पावसाने माल भिजला, म्हणून त्यास भाव मिळेना, की माल नासून आवक घटली, म्हणून भाव चढला? दोन्ही गोष्टी संभवतात, आणि विकणाराचा निर्णय तर नेमका त्यावरच अवलंबून असतो. ‘म्हणून’, ‘नंतर’, ‘तरीही’ हे शब्द लहान खरे. पण विचाराचे सांधे तेच होत. विद्यार्थ्यांच्या टिपणांत बाण शिरला की प्रथम हे सांधेच निखळतात. कार्यकारणभाव न उमगताही उत्तर पूर्ण दिसते, ही त्यांतली खरी हानी.

युनिकोड या जागतिक संकेतावलीत बाणांच्या मुख्य विभागात ११२ चिन्हे आहेत. पण त्यांच्या नावांवरून बहुधा आकार व दिशा एवढेच कळते. अर्थाचा भार लिहिणाऱ्यावरच राहतो. बरे, ही दिशा तरी निरपवाद आहे काय? नामपूरहून मोसम नदीच्या काठाने खाली गेले की मालेगाव लागते. तेथे उर्दू वाचणारा समाज मोठा आहे, आणि उर्दू उजवीकडून डावीकडे चालते. तीत कंसांची तोंडे संगणक आपोआप फिरवितो, बाणाचे मात्र फिरवीत नाही. ‘नामपूर → मालेगाव’ हे उर्दूत लिहून मध्ये हाच बाण ठेविला, तर त्याचे टोक नामपूरकडेच वळते. जो अंध वाचक यंत्राकडून मजकूर वाचवून घेतो, त्याच्या कानी ‘उजवा बाण’ असे काही पडते, किंवा काहीच पडत नाही.

आमच्या जुन्या पोथ्यांत बाणाच्या अग्रासारखे दिसणारे एक चिन्ह होते, ते हंसपद. लिहिताना शब्द गळला, तर ती जागा दाखवून लेखक तो शब्द वर किंवा समासात भरून काढी. उणीव आहे हे हंसपद उघड सांगे. बाण ती झाकतो. म्हणून तक्त्यात, सूत्रात, मार्गदर्शक पाटीवर बाण खुशाल असावा. वाक्यात तो घालू पाहणाऱ्याने मात्र त्याच्या जागी कोणता शब्द यावयाचा, हे आधी स्वतःस विचारावे. शब्द सापडला तर तोच लिहावा. न सापडला, तर विचारच अपुरा आहे असे समजावे.