पक्षिणीचा विश्वास : 'केवढे हे क्रौर्य' या कवितेविषयी

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या कवितेची निसर्गकविता, कौटुंबिक कविता व ख्रिस्तभक्तिपर कविता अशी वर्गवारी करण्याची प्रथा मराठी समीक्षेत रूढ आहे. या वर्गवारीमुळे 'केवढे हे क्रौर्य' ही कविता 'फुलामुलांचे कवी' या बिरुदाखाली पाठ्यपुस्तकात स्थिरावली आणि तिच्यातील धर्मविषयक प्रश्न बहुधा दुर्लक्षित राहिला.

प्रसंग साधा आहे. बाण लागलेली पक्षिणी पडत-धडपडत ढोलीकडे परतते, पिलांसाठी आणलेला अखेरचा घास त्यांना देऊ करते, माणसाच्या कृतघ्नतेविषयी बोलते आणि प्राण सोडते. आरंभीची तिची तडफड पृथ्वी वृत्तातील तुटक क्रियापदांतून प्रत्ययास येते. अखेरचे कडवे मात्र वसंततिलकात आहे. तेथे आक्रोश थांबतो. पंख, उदर, चोच, पाय एवढेच उरते.

आर्त पक्ष्याचे बोलणे मराठी काव्याला नवे नव्हते. रघुनाथ पंडितांच्या 'नलदमयंतीस्वयंवराख्यान'मधील हंस नळाच्या हाती सापडल्यावर आपल्या वृद्ध मातेचे आणि नवप्रसूत पत्नीचे स्मरण करून विलाप करतो. राजाला दया येते व हंस सुटतो. टिळकांच्या कवितेत असा ऐकणारा राजा नाही. पक्षिणीचे शब्द ऐकायला पिले आहेत, आणि वाचक.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना धीर देताना चिमण्यांचा दाखला देतो. क्षुल्लक किमतीला विकली जाणारी चिमणीही पित्याला नकळत भूमीवर पडत नाही, हा त्याचा आशय. परंतु तेथे चिमणी माणसाच्या अधिक मोलाची खूण म्हणून येते. या दाखल्याशेजारी ठेवून वाचली असता टिळकांच्या कवितेचे वेगळेपण ध्यानी येते. येथे पाखरू माणसाला धीर देत नाही, जाब विचारते. आणि पित्यावर विश्वास ठेवतो तो मारणारा माणूस नव्हे, मरणारी पक्षिणी. ती आपल्या अनाथ पिलांना प्रभुपित्याच्या हवाली करते.

टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, एवढ्यावरून ही कविता ख्रिस्ती ठरवणे उचित नव्हे. ईश्वराला पिता मानणे प्रार्थना समाजालाही परिचित होते, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे टिळक स्वतः सांगत. भूतदया हा त्या पुलाचाच एक दगड होता.

कवितेत उणीव नाही असे नाही. पक्षिणीच्या तोंडचे भाषण काही ठिकाणी वक्त्याचे वाटते आणि शीर्षकातील उद्गार वाचकाचा निर्णय आधीच देऊन टाकतो. तरीही एक प्रश्न कवीने मोकळा ठेवला आहे. पक्षिणी विश्वासाने मरते, पण कवितेत पिलांपर्यंत कोणताही हात पोहोचत नाही. पित्याची करुणा या जगात कोणाच्या हातून पोहोचायची? ज्या हाताने बाण सोडला, त्याच जातीच्या हातांतून. ही अवघड जबाबदारी कविता वाचकाकडे सोपवते. म्हणूनच तिची जागा केवळ बालवाचनात नाही.