मतदार, ध्रुवीकरण आणि कृतीचे नामकरण

युरोपातील लोकशाहीचा ऱ्हास मतदारांमुळे होतो की नेत्यांमुळे, ह्या प्रश्नास २०२३ साली दोन महत्त्वाची उत्तरे मिळाली. मिलान स्वोलिक व त्यांचे तीन सहकारी ह्यांचा निबंध ‘जर्नल ऑफ डेमॉक्रसी’च्या जानेवारीच्या अंकात आला, लॅरी बार्टेल्स ह्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रिन्स्टन विद्यापीठाने प्रसिद्ध केला. स्वोलिक ह्यांची भूमिका अशी की, मतदार लोकशाहीची तत्त्वे मानतो; परंतु आपल्याच पक्षाच्या उमेदवाराने ती मोडली, तर प्रतिपक्षास मत देऊन त्यास शासन करण्याची त्याची तयारी नसते. पक्षांमधील अंतर वाढेल तसतशी ही तयारी घटते. बार्टेल्स ह्यांच्या मते युरोपातील लोकमतात ह्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत फारसा पालट झालेलाच नाही. हंगेरीत २०१० साली आणि पोलंडात २०१५ साली सत्तांतर घडविणाऱ्यांनी हुकूमशाहीस कौल दिलेला नव्हता; सत्ता हाती आल्यावर नेत्यांनी संस्था पोखरल्या.

स्वोलिक प्रभृतींची पद्धती विचारार्ह आहे. एस्टोनिया, जर्मनी, पोलंड, सर्बिया, स्पेन, स्वीडन आणि युक्रेन ह्या सात देशांतील मतदारांपुढे काल्पनिक उमेदवारांच्या जोड्या ठेवण्यात आल्या. प्रत्येक उमेदवाराची धोरणे सांगितलेली. त्यांतच एखाद्याच्या नावावर लोकशाहीविरोधी भूमिका नोंदविलेली. त्या भूमिकेमुळे उमेदवाराची मते किती घटतात, हे मोजावयाचे. ‘तुम्हांस लोकशाही हवी काय?’ ह्या थेट प्रश्नास बहुतेक सर्वत्र होकारच मिळतो, आणि तो होकार फारसे काही सांगत नाही. ही अडचण ह्या पद्धतीने चातुर्याने टाळली, हे तिचे श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे.

परंतु ह्या प्रयोगात एक गृहीतक दडलेले आहे. कोणती कृती लोकशाहीविरोधी, हे संशोधकाने आधीच ठरविलेले असते आणि ती मतदारापुढे एका तटस्थ वाक्यात मांडली जाते. प्रत्यक्ष निवडणुकीत कृती अशी उघडी येत नाही. ती नाव धारण करूनच येते. १८५७ ची घटना ‘शिपायांचे बंड’, ‘उठाव’ आणि ‘स्वातंत्र्यसमर’ ह्या तीन नावांनी मराठीत वावरली. नाव स्वीकारले की निर्णयही स्वीकारला जातो, हे मराठी अभ्यासकास वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्रातील अलीकडचा अनुभव ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. बाहेर पडलेल्या आमदारांच्या कृतीस एका बाजूने ‘गद्दारी’ म्हटले, दुसरीने ‘उठाव’. (बखरींतला ‘फितवा’ हा शब्द हाताशी असता ‘गद्दारी’च रूढ व्हावी, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.) कायद्यानेही एक शब्द दिला नाही. राज्यपालांनी बहुमत सिद्ध करण्यास सांगणे समर्थनीय नव्हते, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी म्हटले. तथापि मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिलेला असल्याने जुने सरकार पुनःस्थापित होऊ शकले नाही. विधानसभेच्या अध्यक्षांनी जानेवारी २०२४ मध्ये शिवसेनेच्या दोहोंपैकी कोणत्याच गटाच्या आमदारांस अपात्र ठरविले नाही. अशा कृतीस लोकशाहीविरोधी ह्या सदरात घालावे की नाही, हाच वादविषय असता तिची मतांतील ‘किंमत’ मोजणार कशी?

बुलडाणा लोकसभा मतदारसंघ ह्या प्रश्नाची गुंतागुंत स्पष्ट करतो. २०१९ साली अविभक्त शिवसेनेतर्फे निवडून आलेले प्रतापराव जाधव २०२४ साली शिंदे गटातर्फे उभे राहिले आणि ठाकरे गटाच्या उमेदवारावर सुमारे साडेएकोणतीस हजार मतांनी विजयी झाले. त्याच निवडणुकीत शेतकरी नेते रविकांत तुपकर ह्यांनी अपक्ष म्हणून सुमारे अडीच लाख मते घेतली. दोन ध्रुवांच्या नकाशात ह्या अडीच लाखांस जागाच नाही. पुढे नोव्हेंबरमध्ये विधानसभेसाठी मतदान झाले. पक्ष सोडून गेलेल्या दोन विद्यमान आमदारांपैकी बुलडाण्याचे आमदार ८४१ मतांनी निवडून आले, मेहकरचे आमदार पराभूत झाले. शेजारच्या चिखलीत मात्र भाजपच्या श्वेता महाले आणि काँग्रेसचे राहुल बोंद्रे ह्यांचीच मुख्य लढत २०१९ प्रमाणे पुन्हा झाली. दोघांचेही पक्ष तेच होते, आणि निकालही तोच लागला.

मेहकरच्या मतदारांनी शासन केले आणि बुलडाण्याच्या मतदारांनी क्षमा केली, असा अर्थ काढण्याचा मोह येथे होतो. तो आवरावा. ह्याच काळात सोयाबीन व कापसाच्या भावाचा प्रश्न तीव्र होता. जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनाही सुरू झालेली होती. निकालावरून हेतू वाचता येत नाही. १९६२ च्या निवडणुकीचा पुण्यात अभ्यास करताना वि. म. सिरसीकरांनी मतदारांच्या प्रत्यक्ष मुलाखतींवर भर दिला, तो ह्याच कारणाने योग्य होता.

बार्टेल्स ह्यांच्या प्रतिपादनास येथे काहीसा आधार मिळतो. कारण कृती करणारे आणि तिला नाव देणारे, दोघेही नेतेच होते. परंतु मतदारास निव्वळ ग्रहणकर्ता मानणेही चूक ठरेल. नेत्याने दिलेले नाव वापरावयाचे की नाकारावयाचे, हे मतदार ठरवितो, आणि कित्येकदा सभेत एक शब्द उच्चारून घरी दुसराच बोलतो. ‘ध्रुव’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ स्थिर, अचल असा आहे. ध्रुवीकरणाच्या उपपत्तीतही पक्ष स्थिर आणि मतदार त्याच्याशी बांधलेला, असे चित्र असते. येथे पक्षच हलले, आणि कोणता तुकडा ‘आपला’ हे मतदारास नव्याने ठरवावे लागले.

ह्यास्तव युरोपातील प्रयोग जसाच्या तसा मराठीत भाषांतरित करून भागणार नाही. तीच कृती ‘पक्षांतर’, ‘उठाव’ आणि ‘गद्दारी’ अशा तीन शब्दांनी तीन समतुल्य गटांपुढे मांडून उत्तरांतील अंतर मोजले पाहिजे. त्यासाठी चिखली तालुका विशेष सोयीचा आहे. येथील मतदाराने लोकसभेत फुटलेल्या पक्षाच्या दोन गटांतील लढतीत मत दिले. विधानसभेत मात्र त्याच्यापुढील दोन्ही प्रमुख उमेदवार आपापल्या पक्षातच होते. एकाच मतदाराची सुमारे सात महिन्यांच्या अंतराने दिलेली ही दोन मते, आणि त्यांविषयी बोलताना त्याने योजलेले शब्द, ही सामग्री अशा अभ्यासास प्रथम हवी.