शेजारधर्माची भाषा : ब्रह्मदेशातील अत्याचार आणि नामकरणाचा प्रश्न

एखाद्या देशातील राजसत्ता आपल्याच प्रजेवर अत्याचार करू लागली म्हणजे शेजारच्या देशांतील नागरिकांच्या संस्था पत्रके काढतात, सभा भरवतात, निधी जमवतात. या आचरणाला मराठीत निश्चित असा एक शब्द नाही. ‘सहानुभूती’ भावनेपाशी थांबते. ‘पाठिंबा’ राजकीय पक्षालाही देता येतो. ‘एकजूट’ म्हटली की दोन्ही बाजू एकाच संकटात सापडल्या आहेत असे गृहीत धरले जाते. त्यातल्या त्यात ‘शेजारधर्म’ हा शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात नात्यागोत्याची अट नाही, फक्त जवळ राहण्याची आहे.

अशा प्रयत्नांची चिकित्सा बहुधा त्यांच्या परिणामांवरून केली जाते. ती त्यांच्या भाषेवरूनही करता येते, आणि ब्रह्मदेशाच्या बाबतीत ती तशी केल्यावाचून एक कोडे सुटत नाही. १९८८ पासून जवळजवळ पाव शतक ज्या चळवळीने ब्रह्मी जनतेचा कैवार घेतला, तिच्यातील कित्येक अग्रणी २०१२ साली राखाईन प्रांतात रोहिंग्यांवर संकट कोसळले तेव्हा मूक राहिले, काहींनी तर त्यांचे अस्तित्वच नाकारले. याचे सगळे उत्तर धैर्याच्या अभावात सापडत नाही. त्याचा मोठा भाग शब्दसंग्रहात दडलेला आहे.

प्रथम देशाच्या नावाविषयी. मराठी वाचकाला ‘ब्रह्मदेश’ हे संस्कृतवजा नाव परिचित आहे ते मंडालेमुळे, जेथे लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात कारावास भोगला; आणि काही अंशी रत्नागिरीमुळे, जेथे पदच्युत राजा थिबा १९१६ साली निवर्तला. १९८९ साली लष्करी राजवटीने इंग्रजीतील ‘बर्मा’ हे नाव रद्द करून ‘म्यानमार’ रूढ केले. वस्तुतः ब्रह्मी भाषेत ‘म्यान्मा’ आणि ‘बमा’ ही एकाच नावाची दोन रूपे आहेत, पहिले ग्रांथिक व दुसरे बोलीतले. (मराठीत ‘बर्मा’ व ‘म्यानमार’ या दोहोंमध्ये ऐकू येणारा ‘र’ मूळ ब्रह्मी शब्दांत नाही, दीर्घ स्वर दाखवण्यासाठी इंग्रजांनी योजलेले ते अक्षर आपण उच्चारासकट उचलले आहे.) नव्या नावात साऱ्या जमातींचा समावेश होतो, असे राजवटीचे म्हणणे होते. गमतीची गोष्ट अशी की १९३० च्या सुमारास स्थापन झालेल्या ‘दोबमा’ या राष्ट्रवादी संघटनेने नेमका हाच समावेशकतेचा गुण ‘बमा’ या रूपाला चिकटवला होता. शब्दाच्या अंगी नसलेला गुण त्याला सत्ता कसा बहाल करते, याचे हे चांगले उदाहरण होय. विदेशांतील पाठीराख्यांनी बराच काळ हट्टाने ‘बर्मा’च म्हटले. त्यांचा हट्ट समजण्यासारखा होता. परंतु देशाच्या नावावर जितका वाद झाला, तितका देशातील माणसांच्या नावांवर झाला नाही.

त्या चळवळीचे यश निर्विवाद आहे. १९९० च्या निवडणुकीत ४८५ पैकी ३९२ जागा जिंकणाऱ्या पक्षाला सत्ता नाकारली गेली, हे जगाला विसरू दिले नाही ते तिनेच. १९९६ साली बँकॉकमध्ये शेजारी देशांतील कार्यकर्त्यांनी ब्रह्मदेशासाठी ‘पर्यायी आसियान’ जाळे उभारले, आणि सरकारांच्या संघटनेला नागरिकांचा प्रतिशब्द दिला. मात्र या काळातील वाङ्मयाचा व्याकरणदृष्ट्या विचार केला तर त्यात कर्ता सदैव स्पष्ट आढळतो, तो म्हणजे लष्कर; कर्म मात्र एकवचनी राहते, ते म्हणजे ‘जनता’. या जनतेचे मूर्तरूप म्हणजे आंग सान सू ची. एका देशाचे दुःख एका व्यक्तीच्या नावाने सांगणे प्रचाराला सोयीचे असते. त्या सोयीची किंमत पुढे दुसऱ्यांना द्यावी लागली.

कारण ब्रह्मदेशात ‘जनता’ हा शब्द निरुपाधिक नाही. तेथे राज्यसंस्थेने ‘तैंयिन्था’ म्हणून १३५ जमातींची यादी मान्य केली आहे. या शब्दाला मराठीत ‘भूमिपुत्र’ हा प्रतिशब्द द्यावा लागेल. त्याच्यात किती माया आहे आणि किती धार आहे, हे मराठी वाचकाला निराळे सांगावयास नको. यादीत रोहिंग्या नाहीत. १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने नागरिकत्व या यादीशी बांधले गेले. हे नाव अलीकडे बनवलेले आहे, असा त्यावर आक्षेप घेतला जातो. पण कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १७९९ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस ब्यूकॅननच्या तुलनात्मक शब्दसंग्रहात, आराकानात दीर्घकाळ स्थायिक झालेले मुसलमान स्वतःला ‘रूइंगा’ म्हणवतात, अशी नोंद आहे. एका भाषाविषयक टिपणाला दोन शतकांनी राजकीय पुराव्याचे मोल यावे, हे विलक्षणच. तथापि हक्काचा प्रश्न नावाच्या प्राचीनतेवर अवलंबून ठेवणे मुळातच सदोष आहे. नाव कालचे असते तरी माणसे तेथलीच होती.

२०१४ च्या जनगणनेत ज्यांनी ‘रोहिंग्या’ हेच नाव सांगितले, त्यांची गणना झाली नाही. अशांची संख्या सुमारे १० लाख ९० हजार असावी, असा सरकारी अहवालातलाच अंदाज आहे. म्हणजे राज्यसंस्थेने प्रथम नाव वगळले, मग नावासह माणूस वगळला. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळून गेली. डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात सू ची स्वतः देशाच्या बचावासाठी उभ्या राहिल्या. एका सशस्त्र संघटनेच्या नावाचा अपवाद वगळता त्यांच्या निवेदनात ‘रोहिंग्या’ हा शब्द आला नाही. ज्या चळवळीने तीस वर्षे एकाच नावावर भिस्त ठेवली, तिला या मौनावर बोलण्यासाठी शब्दच उरले नव्हते.

याच्या उलट दोष सरकारांच्या भाषेत दिसतो. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने पुन्हा सत्ता बळकावली. २४ एप्रिल रोजी जकार्ता येथे आसियानच्या नेत्यांनी पाच कलमी सहमती जाहीर केली, तोपर्यंत राजबंदी साहाय्य संघाच्या नोंदीनुसार सातशेहून अधिक माणसे मारली गेली होती. पहिल्याच कलमात हिंसा तत्काळ थांबावी व सर्व पक्षांनी संयम पाळावा असे म्हटले आहे. येथे क्रिया आहे, कर्ता नाही. गोळी झाडणारा आणि गोळी लागलेला हे दोघेही ‘सर्व पक्षां’त सारखेच सामावले.

मिझोरामचे उदाहरण यापेक्षा निराळे, आणि अधिक विचार करावयास लावणारे आहे. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरील चार राज्यांना, येणारे लोंढे रोखावेत, असे कळवले. मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून ते मान्य करता येणार नाही असे सांगितले. खेड्यांनी, चर्चमंडळांनी आणि १९३५ साली स्थापन झालेल्या यंग मिझो असोसिएशनने चिन निर्वासितांना छप्पर व अन्न दिले. यामागे ‘त्लोमङाइह्ना’ ही मिझो कल्पना आहे. स्वतःची पर्वा न करता दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याचे कर्तव्य, असा तिचा ढोबळ अर्थ. येथे पत्रकांपेक्षा तांदूळ आधी पोहोचला, तेव्हा भाषेचे महत्त्व ते काय, असे कोणी विचारील. परंतु हे औदार्यही एका नावावर उभे होते. मिझो व चिन भाषा एकाच कुळातल्या आहेत, आणि आलेल्यांना ‘परके’ न म्हणता ‘भाऊबंद’ म्हटले गेले. २००३ साली याच राज्यात चिन स्थलांतरितांना हाकलून देण्याची मोहीम झाली होती, तेव्हाही भाषाकुळ हेच होते. रक्त बदलले नाही, शब्द बदलला.

आणि त्याच मार्च महिन्यात जम्मूमध्ये दीडशेहून अधिक रोहिंग्या स्थानबद्ध झाले. त्यांना भाऊबंद म्हणणारे कोणी नव्हते. मलेशियात ते होते: डिसेंबर २०१६ मध्ये कुआलालंपूर येथे स्वतः पंतप्रधान रोहिंग्यांसाठी सभेला उभे राहिले, पण २०२० च्या साथीत त्याच देशाने त्यांची नौका समुद्रात परत लोटली. नात्याच्या नावाने दार उघडते खरे. मात्र नाते ठरवण्याचा अधिकार घरमालकाकडेच राहतो. शेजारधर्म या शब्दातील ती अट नसणे येथे आठवावे.

३ जून २०२१ रोजी लष्करविरोधी राष्ट्रीय एकता सरकारने आपल्या निवेदनात ‘रोहिंग्या’ हा शब्द उघडपणे वापरला व १९८२ चा कायदा रद्द करण्याचे आश्वासन दिले. शहरांतील गोळीबारानंतर कित्येक ब्रह्मी तरुणांनी आपल्या पूर्वीच्या मौनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. हे परिवर्तन खरे असले तरी सार्वत्रिक नाही. राखाईनमध्ये त्याच लष्कराशी लढणाऱ्या आराकान आर्मीच्या प्रमुखाने २०२४ साली, या लोकांना ‘बंगाली’ म्हणण्यात काही वावगे नाही, अशी भूमिका घेतली. आणि त्याच वर्षाअखेर रोहिंग्यांची वस्ती असलेला सीमेलगतचा बहुतेक सारा प्रदेश त्या सेनेच्या ताब्यात आला.