नसरीन मोहमदी : रंगाआधीची रेघ

जेट्टीवरच्या निळ्या जाळ्यांचे, लाल-पिवळ्या दोरांचे अगदी जवळून फोटो काढायचे आणि वस्तू ओळखू आली नाही की त्याला अमूर्त म्हणायचे, ही रीत आमच्या रायगड किनाऱ्यावरही रूढ झाली आहे.

१९३७ साली कराचीत जन्मलेल्या आणि १९९० साली किहीमला निवर्तलेल्या नसरीन मोहमदींची छायाचित्रे पाहावीत. मागावरचे ताणलेले धागे, फतेहपूर सिक्रीची फरसबंदी, सारे कृष्णधवल. उरते ती रेघ, सावली आणि अंतर. हयातीत त्यांनी ती प्रदर्शनात मांडली नाहीत.

रंग वर्ज्य, असे आम्ही म्हणत नाही. पण रंग काढल्यावर चौकटीत काहीच उरत नसेल, तर तो फोटो नुसता शोभेचा.

आपल्या घरांत तसवीर म्हणजे चेहरा, आणि चेहऱ्यावरून वाद. चेहऱ्याविना पाहण्याची ही वाट आपल्याच किनाऱ्यावर राहिलेल्या एका बाईने दाखवली. आपल्या मुलांना ती कोण दाखवणार?